पाहुणीच्या ताटातलं मटण

९ ऑक्टोबर

प्रांताचे गव्हर्नर, वालीसाहेब, यांच्या कचेरीतून शिपाई पाकीट घेऊन आला. वाटलं, परवाना गेला. लुआजच्या, म्हणजे आठ उतारूंच्या भाड्याच्या गाड्यांच्या, धंद्यात केस पांढरे झालेल्या माणसाला सरकारी पाकीट दिसलं की पहिल्यांदा परवानाच आठवतो. उघडलं तर भलतंच. वसंतात रईस, आमचे राष्ट्राध्यक्ष, वारले. त्यांच्या वीस वर्षांच्या कारभारात देशाचं किती भलं झालं, किती वाईट झालं, याचा आकड्यांनिशी लेखाजोखा मांडायला ट्यूनिसमध्ये समिती बसते आहे. पंडित मंडळी आहेतच, शिवाय दर प्रांतातून एक 'जाणता नागरिक' घ्यायचा आहे. आमच्या प्रांतातून मी. मुल्दी अय्यारी, चौथी नापास.

"जाणता सापडला नसेल, सी मुल्दी," ख्मैस म्हणाला, "म्हणून नुसत्या नागरिकावर भागवलं."

ख्मैस माझ्या सहा गाड्यांतली पहिली गाडी चालवतो. रसायनशास्त्राची पदवी आहे त्याच्याकडे, आईनं चौकटीत घालून भिंतीला लावली आहे. ऐन सफ्सफसारख्या आडगावात ड्रायव्हरसुद्धा पदवीधर, हे रईसांच्या आधी कुणी स्वप्नात तरी पाहिलं होतं का? समितीत हे सांगायचं.

पत्रात लिहिलंय, सभासदांनी आपली निरीक्षणं नोंदवून ठेवावीत. कसली निरीक्षणं ते लिहिलेलं नाही. म्हणून सगळंच लिहितो. त्यातलं त्यांना काय दाखवायचं ते माझं मी बघेन.

आधी हे लिहितो की रईसांवर माझा जीव होता. याच अड्ड्यावर मी बादली घेऊन दुसऱ्यांच्या गाड्या धूत होतो. घाटातला रस्ता त्यांनी केला, त्या रस्त्यावर माझी पहिली गाडी धावली. आठ माणसं भरली की दार ओढायचं आणि सुटायचं, एवढीच माझी विद्या.

आणि खरं कारण. माझी थोरली बहीण मबरूका, जिला मी लल्ला म्हणतो, तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. एक दिवसाआड घाट ओलांडून जिल्ह्याच्या गावी न्यायचं, चार तास मशीनवर रक्त धुवायचं, परत आणायचं. थंडीत घाटात बर्फ पडतो, रस्ता बंद होतो. गेल्या वर्षी दोनदा अर्ध्यातून परतावं लागलं. तिच्या पायात पाणी भरलं, बोटानं दाबलं की खळगा तसाच राही. रईस शेवटचे आले तेव्हा चौकात उभं राहून म्हणाले होते: ऐन सफ्सफला चार मशीनं देतो. शब्द दिला आणि गेले. आता नवी मंडळी म्हणतात, समितीचा अहवाल येऊ दे, मग कुठल्या गावाला आधी द्यायची ती यादी करू. म्हणजे जिथं यादी होणार त्या खोलीत मला खुर्ची मिळाली आहे. ती सोडायला मी खुळा नाही.

१७ ऑक्टोबर

ट्यूनिस. पहिली बैठक. अध्यक्ष डॉक्टर शादली, अर्थशास्त्राचे म्हातारे प्राध्यापक. इतकं हळू बोलतात की माणसं आपोआप गप्प होतात. गाडीत गलका करणाऱ्यांवर ही युक्ती चालेल का, बघायला हवं.

दिवसभर आकडे. हजारी किती तान्ही मुलं मरत होती, आता किती मरतात. शाळेत मुली किती. वीज किती घरांत. हे सगळे आकडे आमच्या रईसांच्या बाजूचे. मग बेकारीचा निघाला, तेव्हा जुन्या सरकारातले एक गृहस्थ घसा खाकरून दुसऱ्याच कागदाकडे वळले. उत्पन्नवाढीचा तक्ता त्यांनी रईसांच्या पहिल्या वर्षापासून मांडला होता. रेघ कशी सुसाट वर! डॉक्टर शादली हळूच म्हणाले, "पहिलं वर्ष दुष्काळाचं होतं ना?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे पोराला बसवून उंची मोजायची, मग उभं करून म्हणायचं, बघा कसा वाढला!"

सगळे हसले. ते गृहस्थ सोडून. चहाच्या वेळी डॉक्टर माझ्याजवळ आले. "सी मुल्दी, तुमच्या धंद्यात काय दिसतं?"

"उतारू दुप्पट झालेत, डॉक्टर. तरणी पोरं. किनाऱ्याकडे कामाला जातात. जाताना गाडी मिनिटात भरते."

"आणि येताना?"

"येताना रिकामी. डिझेल अंगावर पडतं."

त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. माझा धंदा वाढला हे त्यांच्या ध्यानात आलं, बरं झालं.

२ नोव्हेंबर

घरखर्चाची पाहणी आमच्या प्रांतात सुरू झाली आणि तिची मुख्य म्हणून आली कोण, तर आमची विदाद. मी गाड्या धुतल्या, माझी लेक देश मोजते! पण ती आली ती कपाळाला आठी घालूनच.

"बाबा, तुम्ही समितीत आहात आणि मी पाहणीत आहे. हे बरं दिसत नाही. तुम्ही यापासून लांब राहा."

"मी कुठं जवळ आहे? पाहणीवाल्या पोरी माझ्या गाडीतून येतात-जातात तेवढंच."

"त्यांच्याशी बोलू नका. ख्मैसदादालाही सांगा."

"ख्मैसला गप्प बसायला सांगणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणून सांगणं."

हसली नाही. पाहणीची रीत अशी: चिठ्ठ्या टाकून घरं निवडतात. निवडलेल्या घरी मुलगी आठवडाभर रोज जाते, चुलीवर काय शिजलं ते विचारते, काट्यावर वजन करते. पीठ किती, तेल किती, मटण किती. त्यावरून कळतं प्रांत खाऊन-पिऊन सुखी आहे की नाही. लल्लाच्या घराची चिठ्ठीसुद्धा निघाली आहे. ती नवऱ्याच्या पेन्शनवर आणि कोंबड्यांवर एकटी राहते. गाडीतली जागा सोडली तर माझ्याकडून चिमूटभर मीठ घेत नाही.

विदाद आत्याच्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणाली, पाहणी संपेपर्यंत. नियम. लल्ला म्हणाली, "हे कसलं बाई काम, ज्यात भाचीला आत्या चालत नाही!"

६ नोव्हेंबर

आज ख्मैसनं गाडीत ऐकलेलं सांगितलं. वरच्या आळीतल्या एका विधवेच्या घरी पाहणीवाली गेली. दुपारी ताटात काय, तर सातूची पेज आणि हरीसा, मिरचीची चटणी. मुलीनं लिहून घेतलं, पेजेचं वजन केलं, वर दोन घास खाल्लेही. शेजारणींनी तोंडात पदर धरला. परगावची लेक दारात आली आणि तिला पेज!

आता हे कागदावर ट्यूनिसला जाणार. ऐन सफ्सफ पेज पितं. वीस वर्षांत हेच का केलं तुमच्या रईसांनी, असं ते घसा खाकरणारे गृहस्थसुद्धा म्हणतील. आणि मशीनं देताना वरचे विचार करणार: जे गाव काही दाखवू शकत नाही, त्याला काय द्यायचं? मास्तर खाऊ देतो तो पाढे येणाऱ्या पोराला.

मला आठवतंय ना. रईस यायचे असले की आम्ही रस्त्याच्या कडा पांढऱ्या रंगवायचो, बकऱ्या डोंगरामागे हाकलायचो. शाळेची गळकी बाजू गालिच्यांनी झाकली होती एकदा. ते बघून खूश झाले आणि दुसरी शाळा देऊन गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे आकड्यांचं काम तरी वेगळं काय असणार?

गाड्यांमधून गावोगाव निरोप सोडला: ज्यांच्या घरी पाहणीवाली येते, त्यांनी आपापल्या गावाची लाज राखावी. ज्यांना जमत नाही त्यांनी माझ्याकडून खांद्याचं मटण न्यावं. परत मागणार नाही.

१४ नोव्हेंबर

गाव म्हणजे लगीनघर झालं आहे! रोज कुठं ना कुठं कुसकुस, वर मटणाचे हे एवढे तुकडे. पाहणीवाल्या पोरींना हात धुवायला गुलाबपाणी. ख्मैस म्हणतो, "सी मुल्दी, पोरी आल्या तेव्हा मागच्या बाकावर चौघी बसायच्या, आता तिघीच मावतात. भाडं कोण भरणार?"

लल्लानंसुद्धा माझं मटण घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, "गावासाठी घेते, तुझ्यासाठी नाही."

संध्याकाळी विदाद अड्ड्यावर आली. सगळ्यांसमोरून मला गाडीमागे नेलं.

"बाबा, खरं सांगा. वरच्या आळीत पहिल्या दिवशी पेज होती. दुसऱ्या दिवसापासून रोज मटण. सगळ्या घरांत. तुम्ही काही केलंत?"

"मी काय करणार? पाहुणी आली की माणसं पातेलं खाली करतात. तुझी आजी काय करायची?"

"बाबा."

"नाही गं. काही नाही केलं."

तिनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "नियमानं घरातलं खाल्लेलं लिहायचंच. मुलींनी लिहिलंय." आणि गेली. एवढ्या चांगल्या आकड्यांना पोरगी तोंड पाडून का बसते, कळत नाही. मुख्य म्हणून तिचंच नाव होईल की.



१२ डिसेंबर

बर्फ. काल घाटात पोलिसांनी साखळी आडवी लावली होती. मीच गाडी चालवत होतो. लल्ला मागे घोंगडीत. पोलिसाला म्हटलं, "वल्दी, लेकरा, आत आजारी बाई आहे, मशीनवर जायचं आहे."

"चाचा, माझी आई असती तरी सोडलं नसतं. पुढं ट्रक आडवा झालाय."

परत फिरलो. लल्ला वाटेत म्हणाली, "एवढं काय तोंड करतोस? रक्त एक दिवस मळकं राहिलं तर काय वाळत घालायचं आहे मला?" घरी पोचेपर्यंत तिचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा येत होता. आज रस्ता उघडून पोचलो तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर मला ओरडले, जणू बर्फ मी पाडला. म्हणाले, "हा हिवाळा त्यांनी या रस्त्यावर काढला तर नशीब. पुढचा काढणार नाहीत."

मशीनं लवकर हवीत. बस. दुसरं काही नको.

८ जानेवारी

ट्यूनिस. सकाळी मी हवेत होतो. पडद्यावर नकाशा होता. आमचा प्रांत, जो वीस वर्षांपूर्वी गडद तांबडा होता, तो आता हिरवा! डॉक्टर शादली म्हणाले, "गरिबीत सगळ्यात मोठी घट या प्रांतात दिसते. मटणाचा खप राजधानीच्या जवळपास." ते जुन्या सरकारातले गृहस्थ टाळ्या वाजवत उभे राहिले. म्हणाले, अहवालाचं शेवटचं वाक्य हेच असू दे: रईसांनी डोंगराला हिरवं केलं. मी मान वाकवून सगळीकडे सलाम केला.

कॉफीला उभा होतो. माझ्या पाठीमागे आरोग्य खात्याचे दोघे बोलत होते. माझे कान हेच माझं भांडवल, पण आज नसते तर बरं झालं असतं.

"मशीनांच्या यादीतून डोंगराकडचा प्रांत काढायचा ना?"

"काढायचाच. यादी तळापासून करायची आहे. ते आता वर गेले. त्यांना चार वर्षांनी पुढच्या पाहणीत बघू."

कप तसाच खाली ठेवला. तळापासून! मास्तर खाऊ देतो तो पाढे न येणाऱ्या पोराला, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही. वीस वर्षांत असं कधी झालंच नव्हतं.

९ जानेवारी

काल ट्यूनिसमधल्याच विदादच्या घरी मुक्काम केला. तिनं भाजलेल्या मिरच्यांची कोशिंबीर केली होती, मी घासही घेतला नाही. सगळं सांगितलं. निरोप, मटण, सगळं. आणि म्हटलं, "बेटा, तो आकडा खोड. तुझ्या हातात आहे."

"खोडला तर विचारतील, का खोडला."

"सांग, चुकला."

"मग विचारतील, आणखी काय काय चुकलं. बाबा, मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही हो म्हणाला असतात तर त्याच दिवशी पाहणी थांबवली असती." ती ताट उचलून आत गेली. आतूनच म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात, आणि मला ते धरून चालायचं होतं."

सकाळी लल्लाला फोन केला. तिला एवढंच सांगितलं की उद्या मला उभं राहून सांगावं लागेल, गावात रोज मटण शिजत नाही.

"खबरदार! मी आहे त्या रस्त्यावर ठीक आहे. चारचौघांत आमच्या चुली उघड्या करायच्या नाहीत."

"लल्ला, तिथला डॉक्टर काय म्हणाला माहिती आहे ना?"

"त्याला म्हणावं, तू रक्त बघ. आमची पातेली बघू नकोस."

फोन ठेवला. एकीकडे तिचा जीव, दुसरीकडे तिचीच आण. बाहेर ट्राम जात होती, मला प्रत्येक घंटा घाटातल्या साखळीसारखी ऐकू येत होती.

१० जानेवारी

सांगितलं.

काय शब्द वापरले ते आता आठवत नाहीत. एवढं आठवतं की "ते मटण माझं होतं" म्हटल्यावर आधी कुणाला कळलंच नाही. कुणीतरी विचारलं, "म्हणजे तुम्ही खाल्लंत?" मग कळलं तेव्हा गलका झाला. जुन्या सरकारातले गृहस्थ टेबलावर हात आपटत होते, "हा माणूस विकला गेलाय! रईसांच्या मयतावर थुंकतोय!" मी! ज्यानं त्यांच्या मयताला गावातून सहाही गाड्या फुकट सोडल्या होत्या!

डॉक्टर शादलींनी हात वर केला. सगळे खाली बसले.

"सी मुल्दी, असं करायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवायला काय लागतं, डॉक्टर? रईस यायचे तेव्हा असंच करायचो. एकदा दवाखान्यात खाटा कमी होत्या, तर शेजारच्या गावातून मी माझ्या गाडीच्या टपावर टाकून आणल्या. ते बघून गेले की परत पोचवल्या. ते खूश व्हायचे, काहीतरी देऊन जायचे. मोठ्या मनाचा माणूस होता."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि लिहायला लागले. मटणाबद्दल दोन ओळी लिहिल्या असतील नसतील, पण या खाटांबद्दल पान भरलं. त्यात एवढं लिहिण्यासारखं काय होतं, मला तरी समजलं नाही.

मग मान वर न करता म्हणाले, "इतर प्रांतांतल्या जाणत्या नागरिकांना काही सांगायचं आहे?"

दक्षिणेकडचा खजुराचा व्यापारी एकदम खोकायला लागला. दुसरा खिडकीबाहेर बघत होता. चहावाला आला तेव्हा सगळ्यांनी एकदम कप घेतले, साखर नको म्हणणाऱ्यांनीही साखर ढवळली.

ठरलं ते असं: आमच्या प्रांतात पुन्हा पाहणी, बाहेरच्या मुलींकडून. विदादला पाहणीवरून काढून कागद लावायच्या खोलीत बसवलं. दारात भेटली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आज तरी जेवून जा, बाबा."

२ फेब्रुवारी

गावात मला कुणी सलाम करत नाही. कॉफीच्या दुकानात मी बसलो की बाजूची खुर्ची रिकामी होते. ख्मैस म्हणतो, "सी मुल्दी, तुमच्या गाडीत बसतात ते फक्त दुसऱ्यांच्या गाड्या भरलेल्या असतात म्हणून."

नवी पाहणी सुरू आहे. निरोप पुन्हा सोडावा लागला: जे घरात आहे तेच ताटात. धाकधूक ही की आता लोक उलटं सोंग करतील. झालंच. एकानं टीव्ही गोठ्यात नेऊन ठेवला. त्याच्या घरी स्वतः जाऊन तो परत जागेवर लावला. त्याची बायको म्हणाली, "काय दाखवायचं ते तरी एकदा नक्की सांगा!"

"काहीच दाखवू नका, बाई."

"मग ती मुलगी येते कशाला?"

आज लल्लाच्या घरी. नवी मुलगी नायला, समुद्राकडची, बारीक अंगाची. मी कोपऱ्यात बसलो होतो. लल्लाला दहा वेळा बजावलं होतं, तिनं दहाही वेळा तोंड फिरवलं होतं. तिनं ताट आणलं: चुलीतली रोटी, तेल, जैतून, पेज. ठेवताना तिनं पदरानं ताटाची कड दोनदा पुसली.  नायलानं वजन केलं, लिहिलं, मग बसून जेवली. लल्ला भिंतीकडे बघत उभी. 

मुलगी उठली, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेली. आणि लल्ला, जिला चार पावलं चालली की धाप लागते ती लल्ला, कोंबड्यांच्या खुराड्याकडे धावली आणि ओंजळभर अंडी घेऊन तिच्या मागे.

"लल्ला!" मी ओरडलो.

"गप्प बस! तुझ्या आकड्यांपायी मी पाहुणी रित्या हातानं पाठवू?"

मुलगी गोंधळली. अंडी बघते, माझ्याकडे बघते. मग पिशवीतून कागद काढला. "खाला, हे मला लिहावं लागेल."



"लिही ना," लल्ला दम खात म्हणाली. "कोण भितं?"

"पण हे जेवणात नाही लिहायचं. घरातून दुसऱ्याला दिलेलं वेगळ्या रकान्यात जातं. घरानं खाल्लेल्यातून ते वजा होतं."

लल्लानं कमरेवर हात ठेवला. "म्हणजे असा रकाना होता होय तुमच्याकडे? मग आधी का नाही सांगितलं? त्यात लिही, मोठ्या अक्षरात. आणि उद्या येशील तेव्हा त्यात जागा ठेव."

३ मार्च

विदादचा फोन आला. कागद लावायच्या खोलीतून बोलत होती, आवाज दबलेला. "बाबा, आकडा आला. आपला प्रांत तळातून तिसरा. यादीत आहोत. उन्हाळ्यापर्यंत मशीनं येतील."

मी अड्ड्यावरच ओरडलो, "तळातून तिसरे!" मकरूदचे दोन थाळे मागवले. रव्याच्या वड्या, आत खजूर भरलेल्या, मधात बुडवलेल्या. ज्याला-त्याला वाटत सुटलो. किती आठवड्यांनी छाती मोकळी झाली होती. उतारूंना वाटलं घरात लग्न आहे, मुबारक मुबारक म्हणाले. मला सलाम न करणाऱ्यांनीसुद्धा घेतल्या.

ख्मैसनं एक उचलली. "गरीब ठरलो म्हणून मिठाई वाटणारं दुनियेत आपणच पहिलं गाव असू, सी मुल्दी. याचाही आकडा काढायला सांगा."

एका म्हाताऱ्यानं विचारलं, खुशी कसली? मी सांगितलं. त्यानं हातातली मकरूद परत थाळ्यात ठेवली, बोटं रुमालाला पुसली आणि गाडीत जाऊन बसला. मग बाकीच्यांनीही चघळणं हळू केलं. थाळा हातात घेऊन उभं कसं राहायचं तेच कळेना मला.

अहवालही छापून आला. विदादनं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. डोंगर हिरवा झाल्याचं त्यात नाही. डॉक्टर शादलींनी लिहिलंय: या वीस वर्षांत मुलं कमी मेली, मुली अधिक शिकल्या, आणि लोक खरं सांगायला घाबरायला शिकले, यातल्या शेवटच्या गोष्टीचा तक्ता आम्हाला करता आला नाही. पहिल्या दोन गोष्टी ठीक. तिसरी कुठून काढली कोण जाणे. मी तर चारचौघांत उभं राहून सांगितलं होतं.

दुपारी लल्ला जिल्ह्याच्या गावाहून परतली. दंडाला ताजी पट्टी, ओठ पांढरे. तिला सांगितलं. ती ओट्यावर बसली. मकरूद पुढं केली, घेतली नाही.

"ही मशीनं," दंडाची पट्टी दाबत म्हणाली, "यांच्यावर पाटी कुणाच्या नावाची लागेल?"

"रईसांच्या. त्यांनीच शब्द दिला होता ना चौकात."

लल्ला हसली. पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग खोकला आला, मी पाठ चोळली. का हसली ते विचारायचं राहून गेलं. हाताखाली तिची पाठ नुसती हाडं लागत होती.

"घाटात आज धुकं होतं," ती म्हणाली. "परवा ख्मैसला जरा लवकर निघायला सांग."

उन्हाळ्याला अजून अवकाश आहे. तोवर एक दिवसाआड घाट आहेच.